जोखीम कोणाच्या पदरात?

(अहेरी येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी मला सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज शिकवलं. त्याच्या जोडीला पुस्तकात नसलेली एक गोष्टही शिकवली. पैशाच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी, पैसे परत आले नाहीत तर काय, हे कुठे लिहिलंय ते आधी शोधायचं. पुढे मी मुंबईत आणि नंतर सिंगापुरात ज्या कामावर पोट भरलं, ते काम याच प्रश्नाचं होतं.

संयोजकांनी मला माझ्या व्यवसायाबद्दल आणि तिथवरच्या माझ्या वाटेबद्दल बोलायला सांगितलं आहे. व्यवसाय थोडक्यात सांगतो. कापूस, सोयातेल, कोळसा, तांबं, कच्चं तेल असा माल जगभर खरेदी-विक्री करणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्याकडे सौदे करणारे लोक असतात. आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काही माणसं बसतात, जी एकही सौदा करत नाहीत. आज कंपनीने किती माल घेतलाय, किती विकलाय, उद्या भाव उलटला तर किती तोटा होईल, ज्याला माल दिला तो पैसे देईल का, हे ती रोज संध्याकाळी मोजतात आणि मालकाला लेखी कळवतात. मी त्यांतला एक. या कामाला मालबाजारातलं जोखीम व्यवस्थापन म्हणतात.

हा विषय अहेरीत कशाला, असं काहींना वाटत असेल. माझं मत अगदी उलट आहे. महाराष्ट्रात भावाची जोखीम गडचिरोलीच्या ग्रामसभा जितक्या उघड्या अंगावर घेतात, तितकी क्वचितच कोणी घेत असेल. आणि ती मोजायला त्यांच्याकडे एकही माणूस नेमलेला नसतो. मला आज एवढंच सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या पुष्टीसाठी.

तेंदूपासून सुरू करू. १९६९ च्या महाराष्ट्र वन उपज (व्यापाराचे विनियमन) अधिनियमाने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. वन विभाग युनिटांचा लिलाव करायचा, कंत्राटदार बोली लावायचा, आणि गावाच्या वाट्याला मजुरी यायची. त्या मजुरीसाठी या भागात मोठे झगडे झाले, बंदुकीच्या सावलीत झाले, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. गोंदियात किंवा निजामाबादेत विडीपत्त्याचा भाव पडला, तर तोटा कंत्राटदाराचा. बाईने पानांचे पुडे मोजून दिले की तिचा हिशेब संपला.

मग १९९६ चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आला, २००६ चा वनहक्क कायदा आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी किती वर्षं त्यासाठी झिजवली, ते या सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या ग्रामसभा तेंदूचा लिलावही स्वतः करू लागल्या. गाव मजूर होतं ते मालक झालं. माझ्या आयुष्यात या जिल्ह्यात याहून मोठी आर्थिक घटना घडलेली नाही, आणि ती कोणी मागे फिरवू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पण मालकीचा कागद वाजतगाजत आला, आणि त्याच्याबरोबर भावाची जोखीम मागच्या दाराने आली. मालकाला नफा असतो तसा तोटाही असतो. २०१७ च्या हंगामात इथे तेंदूचे दर उसळले. काही गावांनी बघितला नव्हता एवढा पैसा करारात दिसला. आता तारखा नीट बघा. पानं तुटली ती मे महिन्यात. वस्तू आणि सेवा कर परिषदेने विडीवर २८ टक्के आणि तेंदूपानावर १८ टक्के कर ठरवला तो ३ जून २०१७ रोजी. कर लागू झाला १ जुलैला. म्हणजे दर ठरले तेव्हा कर माहीत नव्हता, आणि कर आला तेव्हा माल बोदांमध्ये, म्हणजे पोत्यांमध्ये, भरून झाला होता. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, दर कोसळले. कुठे बोली लावायला कोणी आलं नाही, कुठे आधीच्या हंगामाची रॉयल्टी, म्हणजे मजुरीपलीकडची मालाची रक्कम, अडकली. तेंदूपानावरचा तो कर २०२५ च्या सप्टेंबरात ५ टक्क्यांवर आला. मधली आठ वर्षं त्याचा भार या बाजाराने सोसला, आणि बाजाराचं शेवटचं टोक म्हणजे आपली ग्रामसभा.

कंत्राटदाराला मी खलनायक ठरवत नाही. त्याच्या पायाखालची जमीनही त्या वर्षी सरकली. मला दाखवायचंय ते करारातलं गणित. फळा हवाच, म्हणून तो इथे मागवून घेतलाय.

समजा, एका ग्रामसभेचा माल ५०० प्रमाण गोण्यांचा आहे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे गोणीला सत्तर हजार पानं. समजा, दर ठरला गोणीला ८,००० रुपये. एकूण ४० लाख. कंत्राटदाराने करारावेळी चौथा हिस्सा, १० लाख, भरला. बाकी ३० लाख नंतर द्यायचे आहेत. आता बाजारात दर ८,००० वरून ५,००० वर आला. त्या मालाची किंमत उरली २५ लाख. कंत्राटदार रात्री काय हिशेब करेल? करार पाळला तर ३० लाख मोजून २५ लाखांचा माल हाती येणार, आधीचे १० लाख धरून एकूण तोटा १५ लाखांचा. करार मोडला तर फक्त भरलेले १० लाख बुडणार. मोडण्यात त्याचे ५ लाख वाचतात. तो सज्जन असला तरी वाचतात. आता तीच अनामत चौथा हिस्सा नसून ४० टक्के, म्हणजे १६ लाख असती तर? मोडल्यास १६ लाख जाणार, पाळल्यास १५ लाख. तो पाळेल.

म्हणजे करार माणसाच्या चांगुलपणावर उभा नव्हता, अनामत किती यावर उभा होता. आठाचे पाच होणं ही साडेसदतीस टक्क्यांची घसरण. अनामत तिच्या वर हवी. ही घसरण किती होऊ शकते हे ठरवायला मागच्या दहा हंगामांचे दर वहीत हवेत, आणि वहीत दहा हंगामांचे दर असलेल्या ग्रामसभा मला फारशा भेटलेल्या नाहीत.

वाईट प्रसंग अजून सांगितलाच नाही. १० लाख घेऊन सगळा माल ट्रकमध्ये भरून परराज्यातल्या गोदामात जाऊ दिला, तर कंत्राटदाराला करार मोडायचीही गरज नाही. १० लाखांत २५ लाखांचा माल त्याच्या कुलपात आहे. ग्रामसभेच्या हातात उरतात तारखा, फोन आणि वकील. मुंबईच्या वायदेबाजारात सौदा करणाऱ्याकडून आधी अनामत घेतात, भाव विरुद्ध गेला की रोज संध्याकाळी जादा पैसे भरायला लावतात, नाही भरले तर सौदा कापून टाकतात. यात कोणाचा अपमान होत नाही. आपल्या गावात मात्र अनामत वाढवून मागितली की कंत्राटदार विश्वासाची भाषा बोलतो, आणि आपली माणसं संकोचतात.

आता माझ्या वाटेबद्दल. माझे वडील तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागेवर, मुन्शी होते. संध्याकाळी चारनंतर बाया डोक्यावर भारे घेऊन यायच्या. वाळूवर पुड्यांच्या रांगा लागायच्या, शंभराची एक रांग, पानांची टोकं एका दिशेला. वडील रांगेच्या कडेने वाकून चालत, काठीने एखादा पुडा उलटा करत, आतली पानं फाटकी किंवा डागी आहेत का ते बघत, आणि कार्डावर पेन्सिलीने आकडा मांडत. शेकड्यामागे जादा पुडे मागायची रीत होती, वाळताना नासतील म्हणून. किती जादा, यावर रोज भांडण व्हायचं. नंतर आठवडाभर पुडे उन्हात, मग उलटून पुन्हा उन्हात. वळवाचा एक पाऊस पडला की सगळं काळं. मोजणारा माणूस घेणाऱ्याचा पगारी आहे आणि देणारी बाई त्याच्यासमोर उकिडवी बसली आहे, हे मी रोज बघत होतो.

ते माझ्या कामाचं पहिलं शिक्षण होतं, हे मला फार उशिरा कळलं. नागपुरात बी. कॉम. केलं, संख्याशास्त्राची आवड होती ती तिथे वाढली. मुंबईत काळबादेवीजवळ कापसाच्या एका व्यापारी पेढीत कागदपत्रं सांभाळायचं काम मिळालं. करारनामे, बिलं, जहाजाच्या पावत्या, वजनाचे दाखले. आज मुलं विचारतात, सर, थेट ट्रेडिंगला कसं जायचं? मी म्हणतो, आधी कागद वाचा. माल कुठे उभा आहे, कोणाच्या नावावर आहे, विमा कोणाचा, वजन कोणी केलं, हे ज्याला कागदावरून कळतं त्यालाच पुढे जोखीम दिसते. मी तिथे अनेक वर्षं घालवली आणि त्या वर्षांचं मला कधी दुःख झालं नाही.

याच मुंबईत हिंदुस्थानातला पहिला संघटित वायदेबाजार जन्मला, बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन, १८७५. आणि त्याच्या आधी दहा वर्षं मुंबई बुडाली होती. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या शेजारच्या हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जात होता. मुंबईत पैसा मावेना, बॅक बेचा समुद्र भरून काढायच्या कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले, आणि त्यांचे वायदे १ जुलै १८६५ ला पुरे करायचे होते. एप्रिलात युद्ध संपलं. कापूस पडला, शेअर पडले, जुलैत देणी देता येईनात. प्रेमचंद रायचंदांसारखा कापसाचा आणि शेअरांचा सम्राट कोसळला आणि बँक ऑफ बॉम्बे त्या तडाख्यातून उठली नाही. भाव वर जात असताना प्रत्येकजण समोरच्याची ऐपत गृहीत धरत होता. एकानेही ती मोजली नाही.

पेढीनंतर मी एका मोठ्या कंपनीच्या जोखीम विभागात गेलो. जोखीम व्यवस्थापनाची एफआरएम नावाची परीक्षा आहे, दोन भागांची, वर दोन वर्षांचा अनुभव लागतो. ती दिली. मग सिंगापूर. ट्रेडिंगच्या जगात सौदे करणारे पुढे बसतात, पैसे चुकते करणारे आणि नोंदी ठेवणारे मागे बसतात, आणि मध्ये आम्ही. या तीन जागा वेगळ्या का, हे त्या शहराने स्वतः अनुभवलेलं. १९९५ मध्ये लंडनची दोनशे वर्षांहून जुनी बेअरिंग्ज बँक तिच्या सिंगापूरच्या एका तरुण कर्मचाऱ्यामुळे बुडाली. निक लीसन सौदेही करायचा आणि त्या सौद्यांच्या नोंदींवरही त्याचाच ताबा होता. तोटा एका खात्यात दडवत गेला, ८२ कोटी ७० लाख पौंडांपर्यंत. अखेर ती बँक एका पौंडाला विकली गेली. ती कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फळी आठवली. घेणाऱ्यानेच मोजायचं नाही. एवढा एक नियम पाळला असता तर ती बँक वाचली असती.

आपल्याकडचा दाखला हवा तर ३१ जुलै २०१३. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार त्या दिवशी थांबले. सुमारे ५,६०० कोटींची देणी उघडी पडली. कागदावर गोदामं साखरेने, एरंडाने, धानाने भरलेली होती. लोक तपासायला गेले तेव्हा कित्येक ठिकाणी माल नव्हता. हजारो गुंतवणूकदारांनी पावती बघितली, गोदाम बघितलं नाही.

आमच्या कामात एक आकडा फार वापरतात. शंभरपैकी पंच्याण्णव दिवस तोटा याच्या आत राहील, असं सांगणारा. १९९४ मध्ये जे. पी. मॉर्गन बँकेने ती पद्धत जगाला खुली करून दिली. उपयोगी आकडा आहे, मी आयुष्यभर तो काढला. पण माणसं मरतात ती उरलेल्या पाच दिवसांत. २० एप्रिल २०२० ची रात्र घ्या. करोनाच्या टाळेबंदीमुळे तेलाचा खप कोसळलेला, अमेरिकेत साठवायला टाक्या मिळेनात, आणि मे महिन्याच्या वायद्याचा भाव शून्याच्या खाली गेला. पिंपाला उणे ३७.६३ डॉलर. टाळेबंदीमुळे मुंबईचा एमसीएक्स हा वायदेबाजार संध्याकाळी पाचलाच बंद होत होता. इथल्या लोकांनी सौदा धरून झोप घेतली, आणि सकाळी सौदा निकालात निघाला पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी. एका सौद्यात १०० पिंपं. तेल फुकट घेतलेल्यालाही वर २,८८,४०० रुपये देणं लागलं असतं. भाव शून्याखाली जाऊ शकतो, ही शक्यताच बहुतेकांच्या तक्त्यात नव्हती. त्या आठवड्यात मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगितलं की कुठल्याही तक्त्यात 'हे होणारच नाही' असं गृहीत धरलेली ओळ शोधा, आणि आधी तिच्यावर काम करा.

अशी गृहीतं सरकारंही धरतात. आपल्या राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना आठवा. १९७१ चा कायदा, १९७२ पासून अंमल. कल्पना चांगली होती: शेतकऱ्याला ठरलेला भाव, भाव चढला तर वरचा वाटाही, आणि चांगल्या वर्षातला काही पैसा चढउतार निधीत, वाईट वर्षासाठी. झालं काय, तर बाहेर भाव चढला की राजुऱ्याकडचा कापूस आदिलाबादला जायचा, आणि बाहेर पडला की बाहेरचा कापूस आपल्या केंद्रांवर यायचा. फायद्याचं वर्ष निसटायचं, तोट्याचं वर्ष दारात उभं राहायचं. त्यात भाव जाहीर करताना निवडणुकीकडे डोळा. कुठलाही निधी याला पुरला नसता. मी शेतकऱ्याला दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. दोष रचनेचा, आणि तो लिहून दाखवणारा माणूस त्या खोलीत नव्हता.

भावाची ही जोखीम तेंदू-कापसापुरती नाही. सूरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक तुम्ही रोज बघता. त्या दगडाचा भाव पूर्वी वर्षातून एकदा मोठ्या खाण कंपन्या आणि पोलाद कारखाने बसून ठरवायचे. २०१० पासून ती पद्धत मोडली, आता चीनच्या बंदरांतला रोजचा भाव जगाला हलवतो. लोहखनिजावरची रॉयल्टी किमतीच्या १५ टक्के असते, किंमत नागपुरातला भारतीय खाण ब्यूरो महिन्याच्या सरासरीने जाहीर करतो, आणि रॉयल्टीच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा येतो. म्हणजे चीनमध्ये बांधकाम मंदावलं तर एटापल्लीतल्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या निधीवर त्याची सावली पडते. भाव चढा असताना कायमच्या खर्चाच्या योजना आखल्या तर भाव उतरल्यावर त्या अर्ध्यावर राहतील. रस्त्यावरच्या धुळीबद्दल आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण या चढउताराबद्दल जिल्ह्यात कोणी बोलताना मी ऐकलं नाही.

आणि विडी. प्रौढांमध्ये विडी ओढणारे २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत ९.२ टक्के होते, २०१६-१७ च्या पाहणीत ७.७ टक्के. आरोग्याच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे आणि ती अशीच चालू राहावी. पण ग्रामसभेच्या दृष्टीने पाहिलं तर ज्या मालावर गावाचं मे महिन्याचं उत्पन्न उभं आहे त्याचं गिऱ्हाईक हळूहळू कमी होतंय. एका पिढीत भिंत खचेल एवढी ही ओल आहे.

तेंदूची आणखी एक अडचण आहे, ती बांबूला नाही. तेंदूचं पान दोन-तीन आठवड्यांत तोडलं नाही तर गेलं, त्यामुळे विकणाऱ्याच्या हातात थांबण्याची मुभा नाही. कंत्राटदाराला हे पक्कं माहीत असतं. बांबू मात्र बेटात उभा राहतो. या वर्षी दर नाही पटला, पुढच्या वर्षी तोडू. ही थांबण्याची मुभा म्हणजे पैसा आहे, आणि आमच्या धंद्यात लोक तिच्यासाठी रोख रक्कम मोजतात. मोहफूल वाळवून ठेवता येतं. चिंच, हिरडा ठेवता येतो. ज्या ग्रामसभेकडे ठेवता येणारा माल आणि कोरडं गोदाम आहे, ती तेंदूच्या बोलीतही ताठ बसते, कारण तिचं सगळं वर्ष त्या एका सहीवर अवलंबून नसतं.

तेंदूचा वायदेबाजार नाही, व्हायचाही नाही. शेतमालातसुद्धा दार अर्धवटच उघडं आहे. २० डिसेंबर २०२१ ला बाजाराच्या नियामकाने, सेबीने, सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी, मूग, धान आणि पामतेल अशा सात मालांचे वायदे थांबवले, आणि मग ती बंदी वाढवत नेली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. भाव दाखवणारा आरसा काढून घेतल्याने भाव सुधारत नाही. पण तो वाद इथे नको. मुद्दा असा की बाजाराकडून संरक्षण मिळणार नसेल, तर ते करारनाम्यातच बांधावं लागतं.

म्हणून ग्रामसभांना माझं सांगणं. मजुरी आणि रॉयल्टी कधीही एकत्र बांधू नका. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला रोख, कारण घरात धान्य भरायला निघालेली बाई भावाची जोखीम उचलू शकत नाही. ती उचलायची ग्रामसभेने. अनामत मागच्या मोठ्या घसरणीपेक्षा जास्त. माल आपल्या गोदामात, कुलूप आपलं, आणि जेवढे पैसे खात्यात जमा झाले तेवढ्याच बोदांचा वाहतूक परवाना. दर ठरवताना एक खालची पातळी पक्की, आणि बाजार तिच्या वर गेला तर त्यातला वाटा. खालची पातळी थोडी कमी घ्यावी लागली तरी घ्या. कागदावरच्या मोठ्या आणि न मिळणाऱ्या दरापेक्षा ती बरी. चांगल्या वर्षी रॉयल्टीचा एक भाग ग्रामकोषात वेगळा ठेवा आणि सभेने ठराव केल्याशिवाय तो उघडू नका. मोजणारा मुन्शी तुमचा हवा, त्याचा पगार तुम्ही द्या.

आणि इलाख्यातल्या सगळ्या ग्रामसभांनी मिळून एक वही ठेवा. कोणत्या कंत्राटदाराने कोणाला केव्हा पैसे दिले, कोणाचे थकवले. वेगवेगळ्या नावांनी बोली लावणाऱ्या तीन माणसांमागे एकच तिजोरी असते, असं मी मुंबईत पाहिलं आणि सिंगापुरातही पाहिलं. वीस गावांनी एकाच तिजोरीवर भरवसा ठेवला तर ती फुटल्यावर वीसही गावं एकाच दिवशी अडकतात. एकट्या गावाला हे दिसत नाही, एकत्रित वहीला दिसतं.

मुलामुलींनो, तुमच्यासाठी दोन शब्द. या व्यवसायाला फार मोठ्या पदवीची गरज नाही. वाणिज्य, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कृषी, अभियांत्रिकी, कुठलीही वाट चालते. एनआयएसएम या संस्थेची मालवायद्यांवरची परीक्षा स्वस्त आहे, तिथून सुरुवात करा. एफआरएमची फी डॉलरमध्ये असते, ती नोकरी लागल्यावर पगारातून भरा. हिशेब तक्त्यात मांडायला शिका, आणि थोडं प्रोग्रॅमिंगही. त्याहून मोठी गोष्ट, वरिष्ठाला लेखी नाही म्हणायची सवय करा. चढत्या बाजारात सौदे करणारा कंपनीचा लाडका असतो आणि मर्यादा दाखवणारा सगळ्यांना नकोसा. तेव्हा गप्प बसलेला जोखीम अधिकारी पगार फुकट घेतो. आणि लक्षात ठेवा, अहेरीच्या पोरीला मराठी, हिंदी, तेलुगू आणि गोंडी किंवा माडिया येते. करीमनगरच्या कंत्राटदाराशी त्याच्या भाषेत भाव करणारी आणि गावसभेत तोच करार गोंडीत समजावून सांगणारी जोखीम अधिकारी सिंगापुरातल्या कुठल्याही कंपनीकडे नाही.

२०११ पासून आपल्या जिल्ह्यात गोंडवाना विद्यापीठ आहे. माझी त्यांना जाहीर विनंती आहे की ग्रामसभांच्या कार्यकर्त्यांसाठी करारनामा, अनामत, दरांच्या नोंदी आणि गोदाम या चार विषयांचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. शिकवायला लागेल तेवढा वेळ मी देईन, मानधन नको.

आणि ग्रामसभांना शेवटची विनंती. बूटकटाईच्या, म्हणजे तेंदूच्या झुडपांच्या छाटणीच्या आधी, निविदा काढण्यापूर्वी, प्रत्येक गावाने दोन माणसं नेमावीत. त्यांतली एक बाई असावी, पानं तोडणारी. त्यांनी सौदा करायचा नाही, फक्त मोजायचं आणि सभेपुढे सांगायचं. मागच्या दहा हंगामांचे दर त्यांनी जुन्या कागदांतून काढून एका वहीत लिहावेत. ते काम या महिन्यात सुरू करा. ज्या गावाला करारनामा त्यावर सही करण्याआधी कोणाला वाचायला द्यायचा असेल, त्याने तो मला द्यावा. मी हंगाम संपेपर्यंत अहेरीतच आहे.